बाळाच्या झोपेआधी घराची झोप : पहिल्या वर्षाचा मार्गदर्शक

माझी लेक मार्चच्या मध्यावर झाली. नागपुरात मार्चमध्ये जन्मायचं म्हणजे सव्वा महिना भरतो तो एप्रिलच्या झळांत, आणि दोन महिने होतात न होतात तोच नवतपा, म्हणजे मे अखेरचे सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस, दारात उभा. महाल भागातल्या माझ्या माहेरच्या जुन्या घरी, मधल्या खोलीत आमचा मुक्काम होता: मी, लेक, आई आणि खिडकीत बसवलेला लोखंडी कूलर. रात्री मी अंगाई म्हणायचे, लेक झोपायची, आणि आपला आवाज तसा बरा आहे असा माझा समज होत चालला होता. मग एका रात्री दीडच्या सुमारास लाईन गेली. कूलरची घरघर थांबली आणि उकडायला लागायच्याही आधी, दहा-पंधरा सेकंदांत, पोरगी टक्क जागी. इतके दिवस तिला झोपवत होता तो कूलर. मी आपली उगाच गात होते.

त्या रात्रीनंतर मी अंदाज बांधणं सोडलं आणि बघायला लागले. खाली लिहिलंय ते त्यातून, आमच्या बालरोगतज्ज्ञांशी झालेल्या बोलण्यातून आणि भरपूर चुकांतून आलंय. एक गोष्ट आधीच सांगते. पहिले चार-पाच महिने बाळाची झोप आपल्या मनासारखी लावता येत नाही. घरातल्या मोठ्यांची झोप लावता येते, आणि नेमकी तीच लावायची राहून जाते.

आधी दोन दिवस नुसतं लिहा

काहीही बदलण्यापूर्वी ४८ तास नोंद ठेवा. झोपलं कधी, उठलं कधी, दूध कधी, शी-सू किती वेळा. आम्ही दुधाचा हिशेब लिहितो त्याच कॅलेंडरच्या पाठीमागे लिहिलं. "ही झोपतच नाही" असं मी येईल त्याला सांगत होते. बेरीज केली तर २४ तासांत १५ तास झोप निघाली. नवजात बाळ साधारण १४ ते १७ तास झोपतं, चार महिन्यांपासून वर्षापर्यंत दिवसा-रात्रीची मिळून १२ ते १६ तास. म्हणजे आमची पोर अगदी हिशेबात होती. ती झोप तुकड्यातुकड्यांनी यायची आणि आमच्या सोयीच्या वेळी यायची नाही, एवढंच.

तुकड्यांना कारण आहे. दिवस कोणता आणि रात्र कोणती हे सांगणारं मेंदूतलं घड्याळ जन्मतः चालू नसतं. ते दोन-तीन महिन्यांच्या आसपास लागायला सुरुवात होते. पोट इवलंसं, आईचं दूध लवकर पचतं, त्यामुळे दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजणं ठरलेलंच. शिवाय छोट्या बाळाच्या झोपेचं एक आवर्तन तासाभराच्या आतबाहेर संपतं आणि त्यातली जवळजवळ अर्धी झोप चुळबुळीची असते. त्या झोपेत बाळ कण्हतं, तोंड वेडंवाकडं करतं, हातपाय झाडतं, एखादं रडणंही काढतं. डोळे मात्र मिटलेले असतात.

आमच्या घरी इथेच घोळ व्हायचा. जरा 'उं' झालं की आई उठून बसायची, "रडून राहिली न पोरगी, घे बरं तिला." मी घ्यायचे. घेतल्यावर ती खरोखरची जागी व्हायची आणि मग पाऊण तासाची निश्चिंती! पुढे मी एक नियम केला. आवाज आला की आधी डोळे बघायचे. मिटलेले असतील तर मिनिटभर, दीड मिनिट हात लावायचा नाही. दहातल्या चार-पाच वेळा ती स्वतःच परत झोपेत जायची. आईला ते मिनिट फार जड जायचं. मलाही जायचं.

एक अपवाद आहे. जन्माच्या वेळचं वजन परत भरून येईपर्यंत, म्हणजे सहसा पहिले दहा ते चौदा दिवस, बाळाला सलग तीन-चार तासांच्या वर झोपू द्यायचं नाही. उठवून पाजायचं. बाळ लवकर जन्मलेलं किंवा कमी वजनाचं असेल तर किती दिवस उठवायचं ते डॉक्टरांनाच विचारा.

झोपायची जागा

यात मी कुणाचंही ऐकून घेतलं नाही. बाळ झोपेल ते पाठीवर, प्रत्येक वेळी, दुपारच्या डुलकीलासुद्धा. गादी टणक आणि सपाट. बाळाभोवती उशी, लोड, मऊ खेळणी, मोकळी गोधडी यातलं काही नाही. अमेरिकेत १९९४ पासून बाळांना पाठीवर झोपवा अशी मोहीम चालली आणि झोपेत अचानक होणारे मृत्यू साधारण निम्म्यावर आले. पालथं घातलं की बाळ गाढ झोपतं हे खरंच आहे. आणि धोका त्या गाढपणातच आहे.

राईच्या उशीवरून आमच्याकडे महाभारत झालं. डोकं गोल व्हावं म्हणून आईने माझ्या वेळची खोळ धुऊन, नवी राई भरून तयारच ठेवली होती. मी ती परत केली नाही, पण वापरलीही नाही. डोकं एका बाजूने चपटं होऊ नये म्हणून जागेपणी, आपण समोर बसून, बाळाला दिवसातून काही वेळा पालथं ठेवायचं. सुरुवातीला दोन-तीन मिनिटंही पुरतात. झोपवताना मान कधी डाव्या, कधी उजव्या अंगाला करायची. उशी कपाटात गेली आणि अजून तिथेच आहे.

झोळीबद्दल माझं मत जरा मवाळ आहे. साडीच्या झोळीत बाळ पटकन झोपतं हे आपण पिढ्यान्‌पिढ्या बघतोय. पण झोळीत पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि लहान बाळाचा श्वास अडू शकतो. झोळीत झोपवा हवं तर, पण नजर तिथेच ठेवा आणि झोप लागली की सपाट गादीवर आणा. रात्रभर झोळी नको.

बाळ आईच्या खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या अंथरुणावर, ही सगळ्यात चांगली व्यवस्था. आपल्याकडे बहुतेक घरी बाळ आईच्या कुशीतच झोपतं हे मला माहीत आहे. तसं असेल तर निदान पलंगाऐवजी जमिनीवर टणक गादी टाका, बाळाच्या आसपास उशी-पांघरूण ठेवू नका, दोन मोठ्यांच्या मधे त्याला झोपवू नका. घरात कुणी बिडी-सिगारेट ओढत असेल, दारू किंवा झोपेचं औषध घेतलं असेल, बाळ दिवसाआधी जन्मलेलं असेल, तर एका अंथरुणावर अजिबात नको. आणि सोफा! पाजता पाजता सोफ्यावर डोळा लागणं हे यातलं सगळ्यात धोक्याचं. झोप अनावर झाली असेल तर सोफ्यापेक्षा गादीवर बसून पाजा.

मच्छरदाणी बाळाची छत्रीवाली चालेल, फक्त तिच्या कडा गादीला नीट टेकलेल्या असू द्या. अगरबत्ती-कॉइलचा धूर त्या खोलीत नको.

नागपूरचा उन्हाळा, आणि मग नागपूरचा हिवाळा

बाहेर ४५ अंश असताना घरातल्या बाळाला टोपरं, झबलं, दुपटं आणि वरून पायमोजे घातलेले मी डोळ्यांनी बघितलेत. बाळाची उष्णता बरीचशी डोक्यातून बाहेर पडते, त्यामुळे घरात टोपरं नको. मे महिन्यात एक मलमलचं बिनबाह्यांचं झबलं आणि लंगोट, बस. गरम होतंय का हे मानेच्या मागे किंवा छातीवर हात लावून बघा. तिथे घाम असेल, त्वचा तापलेली असेल तर कपडे कमी करा. हातपाय गार लागले म्हणून घाबरू नका, लहान बाळाचे ते गारच असतात. घामोळ्यांनी बाळ रात्रभर कुरकुरतं. साध्या पाण्याने पुसून कोरडं करायचं. पावडरचा थर देऊ नका, ती श्वासात जाते.

कूलर लावायचा, पण झोत बाळावर सरळ नको. भिंतीकडे वळवा किंवा बाळाला आडोशाला ठेवा. समोरची एक खिडकी उघडी हवी, नाहीतर तासाभरात खोलीत दमट होतं आणि बाळ घामाने चिकट होऊन उठतं. आम्ही पहाटे चारनंतर पंप बंद करून नुसता पंखा चालू ठेवायचो. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून, आतून घासून, कोरडी करायची, कारण डेंग्यूचा डास असल्याच साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. एसी असेल तर २५ ते २७ वर आणि तोही थेट अंगावर नको.

आता पाणी. "एवढ्या उन्हात लेकराले पाणी नाही पाजत काय वो ताई?" हे मालिशवाल्या मावशींनी रोज विचारलं. सहा महिने पूर्ण होईपर्यंत आईच्या दुधावरच्या बाळाला वरचं पाणी लागत नाही, नागपूरच्या मेमध्येसुद्धा. आईच्या दुधात पाण्याचाच भाग सर्वांत मोठा असतो. उन्हाळ्यात बाळ जास्त वेळा, थोडं थोडं पितं, ते त्याचं पाणी पिणंच असतं. पाणी प्यायचं आहे ते आईने. बाळाला दिवसाला सहा किंवा जास्त वेळा सू होत असेल तर काळजी नको.

डिसेंबरात उलटा प्रकार. नागपूरची थंडी बोचरी असते, मग खोलीत शेगडी येते, दारं-खिडक्या बंद होतात. बंद खोलीत पेटता कोळसा कधीच ठेवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेली माणसं झोपेतच राहतात. शेक द्यायचा तर खोलीबाहेर दुपटं गरम करून आणा. ओवा-लसणाच्या सालीची धुरीसुद्धा बाळाच्या नाकाला धूरच. गोधडीऐवजी कपड्यांचा एक थर वाढवा. आपल्याला जेवढे लागतात त्यापेक्षा एक जास्त, इतका हिशेब पुरतो.

ऑक्टोबरात आमचा कूलर माळ्यावर गेला आणि चार रात्री झोपेचं खोबरं झालं. शेवटी नवऱ्याने जुना टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून, खोलीच्या दुसऱ्या टोकाला लावला. वारा नाही, नुसती घरघर. मग दर दोन-तीन दिवसांनी एकेक नंबर कमी केला. एकसुरी आवाजाने बाळं झोपतात, त्यात वाईट काही नाही. फक्त आवाज हळू आणि स्रोत लांब हवा. फोनवर पावसाचा आवाज लावून फोन उशाशी ठेवू नका.

दिवस दिवसासारखा, रात्र रात्रीसारखी

मेंदूतलं घड्याळ उजेडावर लागतं, म्हणून सकाळी उठल्याबरोबर बाळाला गॅलरीत किंवा अंगणात न्या. उन्हाळ्यात साडेसहाच्या आत, कारण सातला ऊन टोचायला लागतं. दिवसाच्या डुलकीत पडदे ओढून घराला कर्फ्यू लावू नका. मिक्सर चालू दे, भाजीवाला ओरडू दे. (आमची लेक मारबतीच्या दिवशी महालातल्या ढोल-ताशांत दोन तास झोपली आणि कुकरच्या पहिल्या शिट्टीला उठली. याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही.)

रात्री उलट. संध्याकाळी सातपासून दिवे मंद, टीव्ही दुसऱ्या खोलीत. रात्रीच्या पाजण्याला छोटा पिवळा दिवा, गप्पा नाहीत, लाड नाहीत, डोळ्यांत बघून हसणं नाही. हे फार अवघड आहे, कारण रात्री तीन वाजता बाळ भलतंच गोड हसतं. शी झाली असेल तरच कपडे बदला.

दुसरी गोष्ट थकण्याची. "दिवसा जागं ठेव, रात्री झोपेल" हा सल्ला आम्हाला निदान पाच जणांनी दिला आणि एकदा मी तो ऐकलाही. रात्री साडेअकरापर्यंत ती किंचाळत होती. अति थकलेलं बाळ झोपेशी भांडतं. पहिल्या दोन महिन्यांत साधारण पाऊण ते एक तास, तीन-चार महिन्यांचं झाल्यावर दीड तासाच्या आसपास, सहा महिन्यांनंतर दोन-अडीच तास, एवढंच बाळ एका दमात आनंदाने जागं राहतं. खुणा शिकून घ्या: एकटक शून्यात बघणं, भुवया लालसर होणं, कान चोळणं, तोंड फिरवून घेणं. रडणं ही शेवटची खूण. तोवर गाडी सुटलेली असते.

झोपवण्याचा क्रम

क्रम कोणताही असो, रोज तोच हवा. आमचा असा होता: ओल्या फडक्याने अंग पुसणं, कोरडं झबलं, दिवा मंद, दूध, खांद्यावर घेऊन ढेकर, एकच अंगाई, खाली ठेवणं. सगळं मिळून अर्धा तास. पाहुणे आले तरी हा अर्धा तास त्यांना द्यायचा नाही.

खाली ठेवणं ही वेगळी कला. आधी ढुंगण टेकवा, मग पाठ, सगळ्यात शेवटी डोकं. हात लगेच काढू नका, छातीवर अर्धा मिनिट राहू द्या. डोकं आधी खाली गेलं तर बाळाला पडल्यासारखं वाटतं आणि दोन्ही हात एकदम फाकतात. हे दचकणं चार ते सहा महिन्यांत आपोआप जातं. तोवर हात मलमलच्या दुपट्यात गुंडाळले तर बरं पडतं; छातीशी ढिलं, कमरेशी पाय हलतील इतकं मोकळं. कुशीवर वळायची पहिली चाहूल लागली की गुंडाळणं त्याच दिवशी बंद. आणि नवतप्यात मुळीच नको.

चौथ्या महिन्याच्या आसपास, सगळं रुळलं असं वाटत असतानाच, बाळ परत दर दोन तासांनी उठायला लागतं. बिघडलेलं काही नसतं. झोपेची रचना मोठ्यांसारखी होऊ लागलेली असते आणि प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी बाळ जवळजवळ जागं होतं. कडेवर झोपलेलं बाळ गादीवर जागं झालं तर ते गडबडणारच. इथून पुढे रोज निदान एकदा, दिवसाच्या पहिल्या डुलकीला, बाळ पेंगुळलेलं पण जागं असताना खाली ठेवून बघा. रडलं तर घ्या, उद्या परत. आम्हाला तीन आठवडे लागले.

खोलीचं दार लावून बाळाला रडू द्यायची पद्धत सहा महिन्यांच्या आत कुणी सांगितली तर ऐकू नका. त्यानंतरही ती आपल्या घरात चालेल असं मला वाटत नाही. दोन मिनिटांत आजी दारात, पाचव्या मिनिटाला शेजारच्या काकू. त्यापेक्षा बाळाजवळ बसून थोपटायचं, दर चार-पाच दिवसांनी थोपटणं कमी करायचं. वेळ जास्त लागतो पण घरात भांडण होत नाही.

सहा महिन्यांनंतर दात, आठ-नऊ महिन्यांत आई दिसली नाही की रडणं, मग उभं राहायची हौस. प्रत्येकाने आठवडा-दोन आठवडे जातात. क्रम मोडू नका, एवढंच.

मोठ्यांच्या पाळ्या

सगळ्यात जास्त फरक आम्हाला याने पडला. तिसऱ्या महिन्यात मी मनीषनगरच्या आमच्या फ्लॅटवर आले. नवऱ्याची नोकरी बुटीबोरीला. पहिले दहा दिवस आम्ही दोघंही प्रत्येक वेळी उठत होतो, जणू जोडीने उठलं की बाळ लवकर झोपणार आहे. अकराव्या दिवशी तो वर्धा रोडवर सिग्नलला बाईकवर बसल्या बसल्या पेंगला. मागच्याने हॉर्न दिला म्हणून निभावलं.

त्या संध्याकाळी रात्र दोघांत वाटून घेतली. साडेनऊ ते दोन त्याची पाळी, दोन ते साडेसहा माझी. त्याच्या पाळीत मी दुसऱ्या खोलीत, दार लावून. तो बाळाला फक्त पाजायला आणून द्यायचा. ढेकर, लंगोट, थोपटणं, सगळं त्याचं. पुढे एका पाजण्याला काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्याने द्यायला लागला आणि मला सलग चार तास मिळाले. सलग चार तास काय चीज आहे ते बाळंतिणीलाच विचारा. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंत बाहेर चार तास टिकतं असं सांगतात, पण आपल्या मेमधल्या खोलीत २५ अंश असतात कुठे? काढल्याबरोबर फ्रीजमध्ये, आत, दारात नाही. चार दिवसांत वापरायचं. कोमट पाण्यात वाटी ठेवून गरम करा, गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नको.

घरात आजी असेल तर तिला पहाटेची पाळी द्या. ती तशीही पाचला उठलेली असते. साडेपाच ते साडेसात लेक आईकडे, असं आम्ही माहेरी केलं होतं, आणि राईच्या उशीमुळे झालेला अबोला त्यातूनच मिटला. एकटीने बाळ सांभाळत असाल तर दुपारी बहीण, मैत्रीण, शेजारीण, कुणीही दोन तास द्या म्हणून स्पष्ट मागा. "काही लागलं तर सांग" म्हणणाऱ्यांना खरंच सांगा.

पोटात काय द्यायचं नाही

मध वर्षाच्या आत नाही, चाटणसुद्धा नाही. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंनी बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. गुटीत जायफळाचे वेढे वाढवून झोप आणणं म्हणजे बाळाला गुंगी देणं. सर्दीचं सिरप झोपेसाठी कधीच नाही. ग्राइप वॉटरने झोप येते असं मी तरी पाहिलं नाही. नजर लागली म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळायच्या असतील तर खुशाल ओवाळा. माझी आई दर शनिवारी ओवाळायची, बाळाला त्याने काही होत नाही आणि आजीला झोप लागते.

संध्याकाळचं रडणं

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून काही बाळं संध्याकाळी तासन्‌तास रडतात. दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यात तीन दिवसांहून जास्त, अशी त्याची जुनी मोजणी आहे. सहाव्या आठवड्याला ते सर्वांत जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. उघड्या छातीशी धरा, पोट आपल्या हातावर येईल असं पालथं घेऊन फिरा, दिवा मंद करा. कशानेच थांबलं नाही आणि तुमचे हात थरथरायला लागले, तर बाळाला पाठीवर सुरक्षित ठेवून दुसऱ्या खोलीत जा. दहा मिनिटं. पाणी प्या, कुणाला तरी फोन करा. बाळाला कधीही गदगदा हलवायचं नाही, रागात तर नाहीच; मेंदूत रक्तस्राव होतो.

दवाखाना कधी

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला तर रात्र असो की नवतप्याची दुपार, तसंच निघायचं. बाळ दूध ओढत नाही, उठवूनही नीट जागं होत नाही, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जातात, ओठ निळसर दिसतात, उलटी हिरवी आहे, सू खूप कमी झाली आहे, रडण्याचा सूर एकदम वेगळा किंचाळीसारखा झाला आहे. यातलं काहीही असलं तरी तसंच. गाडी नसेल तर १०८. नागपुरात एम्स मिहानला आहे, मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं शहरात. रात्री उघडं असणारं, तुमच्या घरापासून सर्वांत जवळचं ठिकाण कोणतं हे आज दिवसाउजेडी बघून ठेवा. झोपेत रोजच घोरणं किंवा श्वास थांबल्यासारखा होणं, आणि वजन न वाढणं, हेही दाखवून घ्यायचं.

आईसाठीही तारीख लक्षात ठेवा. बाळंतपणानंतर पहिले दोन आठवडे उगाच रडू येणं बहुतेक जणींना होतं. दोन आठवड्यांनंतरही ते चालू असेल, बाळ झोपलेलं असतानाही झोप येत नसेल, बाळाबद्दल काहीच वाटत नसेल, तर डॉक्टरांना सांगा. स्वतःला किंवा बाळाला इजा करायचे विचार येत असतील तर दोन आठवडे मोजत बसू नका, त्याच दिवशी सांगा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. माझ्या नवऱ्याने तो फ्रीजवर १०८ च्या खाली लिहून ठेवला होता, मला न विचारता. एका दुपारी मी तो लावला.